रीलमधला धबधबा आणि सगळ्यांचा एकच रविवार

नाणेघाटात जुलै-ऑगस्टमध्ये वारा चढला की कड्यावरून पडणारं पाणी उलटं फिरतं. समुद्राकडून आलेला मोसमी वारा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो. पुढे वाट नसते, म्हणून तो कड्याला घासत वर चढतो. ओढा लहान असेल तर त्याचं पाणी या वाऱ्यापुढे टिकत नाही. तुषार होऊन वर पठारावर उभ्या असलेल्यांच्या तोंडावर येतं. आसपासच्या गावांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. गुरं राखणाऱ्याला त्याचं अप्रूप नव्हतं, उलट अशा वाऱ्यात डोक्यावरचं इरलं सांभाळायचं कसं हीच पंचाईत. मग मोबाइलवर रील आलं, या पाण्याला ‘रिव्हर्स वॉटरफॉल’ हे नाव मिळालं, आणि आता पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जुन्नरहून घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

त्याच घाटात दोन हजार वर्षांपूर्वीचं लेणं आहे. आत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, यज्ञात दिलेल्या दानाचा हिशेब त्यात आकड्यांनिशी कोरलेला आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून लोक तो दाखवतात. पण शिलालेख पंधरा सेकंदांत दाखवता येत नाही. उलटं उडणारं पाणी दाखवता येतं.

साधी जागा एकाएकी ‘स्पॉट’ कशी होते, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं मोबाइलच्या आत आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. कारण ‘आजकालच्या पोरांना रीलचं वेड लागलंय’ असं म्हणून विषय मिटवला की गर्दी तिथेच का झाली, त्याच दिवशी का झाली, शेजारच्या तितक्याच सुंदर ओढ्यावर कुणीच का नव्हतं, हे काहीच कळत नाही.

आधी माणूस सांगायचा, आता यंत्र दाखवतं

पंधरा-वीस वर्षांपूर्वी देवकुंड धबधब्याला किंवा हरिहर किल्ल्यावर जायचं तर कुणीतरी जाऊन आलेला माणूस गाठावा लागे. ट्रेकिंग ग्रुपमधला दादा, कॉलेजातला सीनियर, नाहीतर ऑफिसातला एखादा भटक्या. तो जागेचं कौतुक करायचाच, पण सोबत चार गोष्टी सांगायचा: शेवटची एसटी किती वाजता, पाणी वाटेत कुठे मिळतं, कुठे वाट चुकते, पावसात ओढा कधी ओलांडायचा नाही. जागेची माहिती आणि जागेची भीती एकाच तोंडातून येत असे. फेसबुक आलं तेव्हाही अल्बम बघणारे ओळखीचेच. ‘कुठे आहे रे हे?’ असं खाली विचारलं की उत्तर द्यायला तोच माणूस असायचा.

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. लोक टाळेबंदीत घरात अडकलेले होते, डेटा स्वस्त होता, हातात वेळ होता. निर्बंध सैल झाले तेव्हा परदेश बंदच होता, दूरचा प्रवास कटकटीचा होता. सकाळी जाऊन रात्री परतता येईल एवढ्या अंतरावरचा सह्याद्री मात्र खुला होता. त्या दीड-दोन वर्षांत पुणे-मुंबई-नाशिकच्या आसपासच्या किती धबधब्यांना नवी नावं मिळाली ते आठवून बघा.

या नव्या पडद्यावरचा खरा बदल असा की इथे काय दिसावं हे तुमच्या मित्रयादीवरून ठरत नाही. व्हिडिओ अनोळखी लोकांना दाखवला जातो. ज्याचे तीनशेच फॉलोअर आहेत, अशा मुलाचा व्हिडिओ तीस लाख लोक पाहू शकतात. आणि तीस लाखांपैकी कुणालाच तो मुलगा ओळखीचा नसल्यामुळे शेवटची एसटी विचारायला माणूस उरत नाही.

यंत्र नेमकं काय मोजतं?

अल्गोरिदम हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. सोप्या भाषेत ती एक अंदाज बांधणारी व्यवस्था आहे: हा व्हिडिओ या माणसाला दाखवला तर तो थांबेल की अंगठ्याने पुढे ढकलेल? नवा व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवतात. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला, पुन्हा पाहिला, लाइक केला, कुणाला पाठवला, तर आणखी लोकांना. तिथेही तसंच झालं, तर आणखी. प्रत्येक टप्प्यावर बहुतेक व्हिडिओ गळतात, थोडे पुढे सरकतात.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं की तीन गोष्टींना सर्वाधिक वजन असतं: किती वेळ पाहिलं, किती लाइक आले, आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. त्यातही अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं असेल तर पाठवण्याला महत्त्व जास्त.

ही तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण जागांच्या व्हिडिओचं गुपित तिच्यात आहे. विनोदाचा व्हिडिओ पाठवला की समोरचा हसतो आणि संपतं. धबधब्याचा व्हिडिओ मित्रांच्या ग्रुपवर पाठवताना खाली एक वाक्य असतं: ‘रविवारी जायचं का?’ जागेचा व्हिडिओ म्हणजे आमंत्रण असतं. तो एकट्याने बघून सोडून द्यायचा नसतो, कुणालातरी सोबत घ्यायचं असतं, म्हणून तो पाठवला जातो, म्हणून यंत्र तो आणखी लोकांना दाखवतं, आणि तेही तो पाठवतात. कुणी मुद्दाम गर्दी जमवत नाही. सहलीला कुणीतरी सोबत हवं असतं ही आपली जुनी सवय, तीच या यंत्राचं इंधन होते.

आता यात काय मोजलं जात नाही ते बघा. तिथे पोचायला दीड तास चढ आहे का, गाडी लावायला जागा किती, काल घाटमाथ्यावर पाऊस किती पडला, गावात शौचालय आहे का. यातलं काहीही बघणाऱ्याच्या अंगठ्यावर उमटत नाही, म्हणून यंत्राच्या हिशेबात ते नाहीच.

हाच धबधबा का, तो का नाही?

मावळात, मुळशीत, माणगावात, इगतपुरीत पावसाळ्यात शेकडो ओढे कड्यावरून उड्या घेतात. त्यातले दहा-बारा प्रसिद्ध होतात. ते दहा-बारा सर्वांत सुंदर म्हणून निवडले गेले असं आपल्याला वाटतं. तसं नसावं, असं मानायला चांगलं कारण आहे.

मॅथ्यू सालगनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अपरिचित बँडची ४८ गाणी त्यांनी एका संकेतस्थळावर ठेवली. १४,००० हून जास्त लोक आले, गाणी ऐकली, आवडतील ती उतरवून घेतली. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत विभागलं होतं, आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी घेतलं हे त्यांना दिसत होतं. निकाल असा: जिथे इतरांची पसंती दिसत होती, तिथे लोकप्रिय गाणी फारच लोकप्रिय झाली, मागे पडलेली फारच मागे पडली. आणि आठ गटांत पहिलं आलेलं गाणं एकच नव्हतं. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही, पण मधल्या मोठ्या ढिगाऱ्यातून कोण वर येणार हे सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय उचललं त्यावर ठरलं.

गाण्यांच्या जागी ओढे ठेवा. पहिला व्हिडिओ बरा निघाला, त्या दिवशी ऊन-पाऊस छान होता, मागचं गाणं चलतीत होतं, म्हणून एक ओढा पुढे गेला. दुसऱ्याने तो पाहून त्याच दगडावर उभं राहून तसाच व्हिडिओ केला. मग नकाशावर कुणीतरी खूण टाकली. खूण आली की दिशा विचारायची गरज संपली. मग नाव: स्थानिक नाव शोधायला कठीण असतं, म्हणून ‘मिनी अमुक’, ‘सीक्रेट तमुक’. कोयनेच्या जलाशयाकाठच्या तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणतात ते रीलच्या आधीपासून, पण आता अशी नावं झपाट्याने पडतात आणि मूळ नाव पुसलं जातं. ज्या ओढ्याला गावात ‘खालच्या वाडीचा वघळ’ म्हणत, त्याला तिथलीच मुलं आता इंग्रजी नावाने ओळखू लागली आहेत. याचं मला वाईट वाटतं.

चौकटीबाहेर काय राहतं

मोबाइलचं रुंद भिंग जवळून, खालून धरलं की चार पुरुष उंचीचा धबधबा कितीतरी उंच भासतो. ड्रोन वरून बघतो तेव्हा खालची निसरड, शेवाळ, दगडातल्या फटी सपाट हिरव्या रंगात बुडून जातात. पाण्याचा खरा आवाज काढून त्यावर गाणं बसवतात. हा आवाज फार महत्त्वाचा असतो. ओढ्याकाठी वाढलेला माणूस पाणी वाढलं की आधी कानाने ओळखतो. आणि व्हिडिओवर तारीख डोळ्यात भरेल अशी नसते. सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरल्यावर, घोटाभर पाण्यात उभं राहून केलेला व्हिडिओ पुढच्या जुलैत पुन्हा फिरू लागतो, आणि बघणारा त्याच जागी कमरेएवढ्या लोंढ्यात उतरतो.

वाहत्या पाण्याचं गणित साधं आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. आणि ओढ्यातलं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, वर डोंगरात पडलेल्या पावसाने वाढतं. खाली ऊन असताना लोंढा येतो तो असा.

३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. भुशीला लोक रीलच्या कितीतरी आधीपासून जातात, त्यामुळे त्या दुर्घटनेचं खापर रीलवर फोडणं चूक होईल. पण त्याच पावसाळ्यात, जुलैमध्ये, माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी प्रवासाचे व्हिडिओ करणारी एक तरुणी चित्रीकरणाच्या वेळी सुमारे ३०० फूट खोल दरीत पडली आणि गेली. तिला वर काढायला बचाव पथकांना कित्येक तास लागले. कुंभ्याचं नाव बाहेर कुणाला फारसं माहीत नव्हतं. त्या आठवड्यात ते सगळीकडे झालं, आणि पुढच्या शनिवार-रविवारी लोक ती जागा बघायला निघाले असतील तर मला आश्चर्य वाटणार नाही, कारण यंत्राला बातमी आणि आमंत्रण यातला फरक कळत नाही.

१५ जून २०२५, पुन्हा रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या वजनाने कोसळला, चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती.

रविवारचा हिशेब

पाटी असून लोक का थांबत नाहीत, याचं उत्तर हिशेबात आहे. समजा एक व्हिडिओ १० लाख लोकांनी पाहिला. हजारातला एकच जण खरोखर निघाला, तरी १,००० माणसं. वर्षभरात विखुरली तर दिवसाला तीनसुद्धा होत नाहीत, गावाला पत्ताही लागत नाही. पण पाऊस तीन-चार महिनेच, सुट्टी रविवारीच, आणि यंत्राने तो व्हिडिओ एकाच आठवड्यात एकाच शहरातल्या लोकांना दाखवलेला. त्यातले निम्मे एकाच रविवारी आले तर ५०० माणसं, चार-चारच्या हिशेबाने सव्वाशे गाड्या. गावात गाड्या लावायला जागा वीस. उरलेल्या शंभराहून जास्त रस्त्याच्या कडेला, आणि रस्ता मुळात एका गाडीचा. त्यात कुणाला साप चावला, कुणाला कळा सुरू झाल्या, तर रुग्णवाहिका कुठून जाणार?

हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. उभ्या चढाच्या, धरायला खोबण्या, आणि वर जाणारे-खाली येणारे सगळे तिथूनच. ती जागा एकेकाने चढायची म्हणून बांधली गेली. शत्रूला गर्दीने वर येता येऊ नये हाच तिचा हेतू. रीलमध्ये ती वाट भव्य दिसते म्हणून तिथे गर्दी होते.

आणि जो माणूस पहाटे चारला उठून, पेट्रोल भरून, चार तास गाडीत बसून पाटीपर्यंत आला, त्याने निर्णय तीन दिवसांपूर्वीच घेतलेला असतो, अंथरुणात मोबाइल बघताना. पाटी त्याला फार उशिरा भेटते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. जपानमध्ये फुजिकावागुचिको गावात एका लॉसन दुकानाच्या छपरामागे फुजी पर्वत दिसतो, तेवढ्याच फोटोसाठी रस्ता अडू लागला. मे २०२४ मध्ये नगरपालिकेने तिथे अडीच मीटर उंच, वीस मीटर लांब काळी जाळी लावली. लोकांनी तिला भोकं पाडली, ऑगस्टमध्ये वादळाच्या इशाऱ्यामुळे ती उतरवली गेली. इटलीत रोकारासो या बर्फाच्या गावी २६ जानेवारी २०२५ च्या रविवारी, नेपल्सच्या एका टिकटॉक तारकेच्या व्हिडिओंनंतर, दोनशेहून जास्त बसमधून सुमारे १०,००० माणसं उतरली. पुढे तिथल्या महापौरांनी बसवर मर्यादा घातली. जाळी टिकली नाही, बसची मर्यादा समजण्यासारखी होती: ती निघण्याआधी लागू होते.

गावाच्या अंगणातून

ताम्हिणीच्या बाजूला एका वाडीत मी गेल्या पावसाळ्यात टपरीवर थांबले होते. निळ्या ताडपत्रीखाली चूल, कढईत कांदाभजी, बाजूला मक्याची कणसं. मावशींचे दोन्ही हात बेसनात. समोर खाचरं, लावणी अर्धी झालेली. बांधावरून जाण्याऐवजी एक घोळका सरळ खाचरातून धबधब्याकडे निघाला, रोपं पायाखाली. मावशींनी हाक मारली, ‘ओ दादा, बांधावरनं जावा, रोपं लावलीत कालच!’ त्यांनी वळून हात हलवला आणि चालत राहिले. कदाचित पावसात ऐकू गेलं नसेल.

‘राग नाही येत?’ मी विचारलं.

‘येतो की. पण दोन महिन्यांत जे मिळतं त्यावर पोरीची फी भागते,’ त्या म्हणाल्या. ‘मागल्या साली बंदी घातली साहेबांनी. गर्दी पलीकडच्या वाडीत गेली. तिथं बंदीचा कागद नव्हता.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दुर्घटना झाली की जमावबंदीचे आदेश निघतात, पाण्याजवळ जायला, सेल्फीला, रीलला मनाई होते. माणसं मरतात तेव्हा तातडीने हे करावंच लागतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण यंत्र दुसऱ्या दिवशी शेजारचा ओढा पुढे करतं, जिथे ना बंदी, ना पोलीस, ना वाट माहीत असलेला कुणी. आणि ज्या वाडीने टपऱ्या टाकल्या, वाटाडे तयार केले, दोर बांधला, तिची चूल विझते.

म्हणून मला साताऱ्याजवळच्या कासचं उदाहरण बरं वाटतं. पश्चिम घाटातल्या इतर जागांसह २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे पठार, फुलं उमलायची ती पावसाळ्याच्या शेवटच्या काही आठवड्यांत. गर्दी अशी झाली की फुलांवरच लोक झोपून फोटो काढू लागले. मग दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी, आणि आसपासच्या गावांच्या समितीकडे व्यवस्था. उणिवा आहेत, हंगामातल्या रविवारी कोंडी तिथेही होते. पण निर्णयाची जागा बरोबर निवडली आहे: नोंदणी मिळाली नाही तर माणूस घरातूनच निघत नाही. आणि तिकिटाच्या पैशातून जागेची राखण करणाऱ्यांना काम मिळतं.

व्हिडिओ करणाऱ्यांनाही बरंच करता येईल, आणि कित्येक जण करतातही. पडद्यावरच मोठ्या अक्षरांत महिना लिहिणं. चालायला किती वेळ लागला ते सांगणं. धबधब्यासोबत वाटेचे पाच सेकंद दाखवणं. नाजूक जागेची नेमकी खूण न देणं. अमेरिकेत वायोमिंगमधल्या जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने २०१८ मध्ये हेच आवाहन केलं होतं, की ठिकाणाचं नाव टाकण्याऐवजी सगळ्या परिसरासाठी ठेवलेली एकच सर्वसाधारण खूण वापरा. आपल्याकडे मला याहून वेगळं हवंय: खूण द्या, पण ती गावाची द्या, धबधब्याची नको. माणूस आधी गावात उतरला पाहिजे, कुणालातरी ‘पाणी कसं आहे आज?’ असं विचारलं पाहिजे.

त्या दिवशी निघताना मावशींनी मला थांबवलं. हात पदराला पुसत म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही बघून आलात ना मोबाइलात? त्यात आमचं घर दिसतं का?’

मी व्हिडिओ काढून त्यांच्यासमोर धरला. पहिल्याच सेकंदाला ड्रोन वर उठताना कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर आलं आणि गेलं. त्यांना दिसलं नाही. मी मागे नेऊन बोटाने थांबवलं. ‘हे बघा.’ त्यांनी जवळ येऊन, डोळे बारीक करून पाहिलं. ‘हां,’ त्या म्हणाल्या, ‘वळचणीला सरपण दिसतंय. उन्हाळ्याच्या शेवटी काढलाय हा. पाणी कुठनं आलं मग?’ आणि आम्ही दोघींनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला.